हायबरनेटची क्वेरी कॅश बिघडते तेव्हा: कुठे पाहायचे आणि कोणत्या क्रमाने

हायबरनेट म्हणजे जावातले ऑब्जेक्ट आणि डेटाबेसमधली टेबले यांची सांगड घालणारी लायब्ररी, आणि क्वेरी कॅश म्हणजे क्वेरीचे निकाल साठवून पुन्हा देण्याची त्यातली सोय. क्वेरी कॅश चालू केली, ॲप्लिकेशन पुन्हा सुरू केले, तरी डेटाबेसकडे जाणाऱ्या सिलेक्टची संख्या तेवढीच राहिली. किंवा ती आधीपेक्षा वाढली. किंवा संख्या छान कमी झाली, पण स्क्रीनवर जुनाच डेटा दिसू लागला. या तिन्ही तक्रारी नेहमी येतात आणि प्रत्येकीचे मूळ वेगळ्या ठिकाणी असते. मूळ न शोधता सेटिंग बदलत बसले की एक तक्रार जाऊन दुसरी येते, म्हणून आधी आतली रचना नीट समजून घेऊ. खाली सेटिंग, मेथड आणि लॉगमधल्या ओळींची नावे उच्चाराप्रमाणे लिहिली आहेत. विवेचन हायबरनेटच्या ५ आणि ६ या आवृत्त्यांना धरून आहे. जिथे दोघींत फरक आहे तिथे तसे सांगितले आहे.

## एक उत्तर, तीन रीजन

कॅश करण्याजोगी क्वेरी चालवली की हायबरनेट तीन ठिकाणी डोकावते. या ठिकाणांना रीजन म्हणतात, म्हणजे कॅशमधले नाव दिलेले कप्पे.

पहिले ठिकाण निकालांचे रीजन. त्याचे मूळ नाव डीफॉल्ट-क्वेरी-रिझल्ट्स-रीजन. इथली किल्ली, म्हणजे निकाल शोधण्याची खूण, अनेक गोष्टींची मिळून बनते: तयार झालेले एसक्यूएल, पॅरामीटरच्या किमती, पहिली ओळ आणि कमाल ओळी, चालू असलेले फिल्टर, आणि मल्टिटेनन्सी (एकाच ॲप्लिकेशनवर अनेक ग्राहकांचा वेगळा डेटा) असेल तर टेनंटची, म्हणजे त्या ग्राहकाची, ओळख. यांपैकी एक गोष्ट बदलली तरी किल्ली वेगळी होते. किल्लीसोबत निकाल ठेवलेला असतो आणि त्या निकालावर एक टाइमस्टॅम्प असतो. हा टाइमस्टॅम्प निकाल ठेवल्याच्या क्षणाचा नसतो, ज्या ट्रान्झॅक्शनमध्ये क्वेरी चालली ते सुरू झाल्याचा असतो. हे लक्षात ठेवा, पुढे फार कामाला येईल.

दुसरे ठिकाण टाइमस्टॅम्पचे रीजन, डीफॉल्ट-अपडेट-टाइमस्टॅम्प्स-रीजन. कोणत्या टेबलात शेवटचा बदल कधी झाला, एवढीच नोंद इथे असते. निकाल सापडला की हायबरनेट त्या क्वेरीतल्या प्रत्येक टेबलाची वेळ इथे पाहते. एखाद्या टेबलाची वेळ निकालाच्या टाइमस्टॅम्पइतकी किंवा त्यानंतरची निघाली तर निकाल शिळा ठरतो आणि क्वेरी डेटाबेसकडे जाते. नोंद टेबलाची असते, ओळीची नसते. लाखभर ओळींपैकी एक बदलली तरी त्या टेबलावरचे सगळे साठवलेले निकाल एकदम बाद होतात.

तिसरे ठिकाण एंटिटीचे (टेबलातल्या ओळीच्या जावातल्या रूपाचे) रीजन, म्हणजे नेहमीची सेकंड लेव्हल कॅश. हायबरनेट ५ मध्ये एंटिटी परत करणाऱ्या क्वेरीच्या निकालात फक्त आयडी साठवले जातात. प्रत्यक्ष ओळी या तिसऱ्या ठिकाणाहून येतात.

एक गैरसमज इथेच दूर करायला हवा. क्वेरी प्लॅन कॅश ही निराळी गोष्ट आहे. एचक्यूएल (हायबरनेटच्या क्वेरी-भाषेतले वाक्य) वाचून त्याचा जो आराखडा तयार होतो तो तिच्यात राहतो. तिची कमाल मर्यादा हायबरनेट.क्वेरी.प्लॅन_कॅश_मॅक्स_साइझ या सेटिंगने ठरते आणि मूळ किंमत २०४८ आहे. ती मर्यादा वाढवून क्वेरीचे निकाल कॅशमधून येऊ लागत नाहीत.

## आधी मोजण्याची सोय

अंदाजाने काही बदलण्याआधी आकडे हाती घ्या.

१. हायबरनेट.जनरेट_स्टॅटिस्टिक्स ट्रू करा. स्प्रिंग बूटमध्ये या आणि पुढच्या प्रत्येक सेटिंगच्या आधी स्प्रिंग.जेपीए.प्रॉपर्टीज. हा उपसर्ग हवा. तो नसला तर सेटिंग हायबरनेटपर्यंत पोहोचतच नाही, आणि कुठे काही तक्रारही दिसत नाही.

२. लॉगमध्ये ऑर्ग.हायबरनेट.कॅश आणि ऑर्ग.हायबरनेट.ओआरएम.कॅश या दोन्ही नावांची पातळी ट्रेसवर न्या. आवृत्तीप्रमाणे संदेश यांपैकी कोणत्याही नावाखाली येतात. ऑर्ग.हायबरनेट.एसक्यूएल डीबगवर ठेवा, म्हणजे डेटाबेसकडे खरोखर काय जाते ते दिसेल.

३. एक छोटी चाचणी लिहा. स्टॅटिस्टिक्सवर क्लिअर मेथड चालवा. मग तीच क्वेरी तेच पॅरामीटर देऊन दोन स्वतंत्र ट्रान्झॅक्शनमध्ये, दोन स्वतंत्र सेशनमध्ये (सेशन म्हणजे डेटाबेसशी चालणारा हायबरनेटचा एक संवाद) चालवा. शेवटी गेटक्वेरीकॅशहिटकाउंट, गेटक्वेरीकॅशमिसकाउंट आणि गेटक्वेरीकॅशपुटकाउंट छापा.

हिट म्हणजे निकाल कॅशमध्ये सापडला, मिस म्हणजे सापडला नाही, पुट म्हणजे निकाल कॅशमध्ये ठेवला. सगळे ठीक असेल तर पहिल्या वेळी मिस १ आणि पुट १, दुसऱ्या वेळी हिट १ मिळेल, आणि दुसऱ्या वेळी एसक्यूएलची एकही ओळ दिसणार नाही. प्रत्येक सेशनच्या शेवटी आपोआप छापल्या जाणाऱ्या सेशन मेट्रिक्सवर विसंबू नका. त्यात हिट एंटिटीचे की क्वेरीचे हे वेगळे कळत नाही.

चाचणी लिहिताना एक खड्डा हमखास लागतो. पूर्ण चाचणी एका ट्रान्झॅक्शनमध्ये गुंडाळलेली असते, सुरुवातीला डेटा घातला जातो आणि लगेच तीच क्वेरी दोनदा चालते. हिट कधीच येत नाही, आणि ते बरोबरच आहे. बदल फ्लश होताना, म्हणजे डेटाबेसकडे पाठवले जाताना, हायबरनेट त्या टेबलाची वेळ ६० सेकंद पुढची लिहून ठेवते. कमिट होईपर्यंत दुसऱ्या कोणालाही त्या टेबलाचा साठवलेला निकाल ताजा वाटू नये, ही त्यामागची योजना. ट्रान्झॅक्शन संपले की त्या जागी खरी वेळ लिहिली जाते. म्हणून डेटा घालण्याचे ट्रान्झॅक्शन वेगळे ठेवा, ते कमिट करा आणि मग क्वेरी चालवा.

आता चाचणीचे आकडे कोणत्या प्रकारात बसतात ते पाहायचे.

## हिट, मिस, पुट तिन्ही शून्य

क्वेरी कॅशच्या दारापर्यंतही गेलेली नाही. तपासण्याचा क्रम असा:

हायबरनेट.कॅश.यूज_क्वेरी_कॅश ट्रू आहे का? मूळ किंमत फॉल्स असते. ती फॉल्स असताना क्वेरीवर सेटकॅशेबल(ट्रू) लिहिले तर ते गुपचूप दुर्लक्षित होते, अपवाद फेकला जात नाही.

रीजन फॅक्टरी, म्हणजे रीजन तयार करणारा भाग, नेमली आहे का? हायबरनेट.कॅश.रीजन.फॅक्टरी_क्लास ला जेकॅश ही किंमत द्या आणि हायबरनेट-जेकॅश ही लायब्ररी, शिवाय एहकॅशसारखा एखादा प्रत्यक्ष पुरवठादार, दोन्ही क्लासपाथवर ठेवा.

या क्वेरीला वेगळी परवानगी दिली आहे का? वरचे सेटिंग फक्त सोय चालू करते. प्रत्येक क्वेरीवर सेटकॅशेबल(ट्रू) किंवा ऑर्ग.हायबरनेट.कॅशेबल ही हिंट हवीच. स्प्रिंग डेटा वापरत असाल तर रेपॉझिटरीच्या मेथडवर क्वेरीहिंट्स ॲनोटेशन लावा. हिंटचे नाव एका अक्षराने चुकले तर जेपीएच्या (डेटाबेस हाताळणीच्या जावा मानकाच्या) नियमाप्रमाणे अनोळखी हिंट सोडून दिली जाते, म्हणून नाव हाताने न लिहिता लायब्ररीतला स्थिरांक वापरा.

निकाल स्ट्रीमने घेता का? गेटरिझल्टस्ट्रीम आणि स्क्रोल कर्सरवर चालतात, त्यांना क्वेरी कॅश लागू होत नाही. गेटरिझल्टलिस्ट वापरा.

सेशनचा कॅश मोड काय आहे? इग्नोर असेल तर निकाल वाचलाही जात नाही आणि ठेवलाही जात नाही. रिफ्रेश असेल तर फक्त ठेवला जातो, तेव्हा पुट वाढत राहतो आणि हिट शून्यच राहतो. मोठ्या आयातीसाठी कोणीतरी सामायिक कोडमध्ये बदललेला मोड तसाच राहून गेल्याची शक्यता जरूर तपासा.

## मिस आणि पुट वाढतात, हिट येत नाही

सर्वांत जास्त वेळ खाणारा प्रकार हा. निकाल ठेवला जातो आहे, पण परत मिळत नाही. याची दोन कारणे असतात आणि स्टॅटिस्टिक्समध्ये ती वेगळी दिसत नाहीत, कारण शिळा निकालही मिस म्हणूनच मोजला जातो. फरक लॉग सांगतो. "क्वेरी रिझल्ट्स वेअर नॉट फाउंड इन कॅश" अशी ओळ दिसली तर किल्ली जुळलेली नाही. "कॅश्ड क्वेरी रिझल्ट्स वेअर नॉट अप-टू-डेट" दिसली तर किल्ली जुळली, पण टाइमस्टॅम्पने निकाल बाद केला.

किल्ली जुळत नसेल तर पॅरामीटर पाहा. "आत्ताची वेळ" पॅरामीटर म्हणून देणारी क्वेरी हा नेहमीचा गुन्हेगार. मिलिसेकंद बदलले की किल्ली नवी, त्यामुळे तो निकाल पुन्हा कोणालाच सापडणार नाही आणि रीजन मात्र भरत जाईल. जाहिरात अजून चालू आहे का, ऑफर संपली का, अशा प्रश्नांना मिनिटाची अचूकता पुरत असेल तर वेळ पूर्ण मिनिटावर आणून मगच पॅरामीटर द्या. एसक्यूएलच्या इन यादीत तेच आयडी वेगळ्या क्रमाने आले तरी किल्ली वेगळी होते, म्हणून यादी आधी क्रमाने लावा. एचक्यूएलमध्ये किमती जोडून वाक्य बनवण्याची सवय असेल तर ती आधी मोडा. तिने निकालाची कॅश आणि प्लॅनची कॅश दोन्ही फुगतात, आणि एसक्यूएल इंजेक्शनचा धोका वेगळाच. पानांमध्ये तोडलेल्या क्वेरीत प्रत्येक पान म्हणजे स्वतंत्र नोंद असते. पहिली दोन-तीन पानेच वारंवार उघडली जात असतील तर बाकीच्या पानांसाठी कॅशेबल न लावणे बरे.

किल्ली जुळते, पण रीजनमध्ये जागा नाही, असेही होते. एहकॅशच्या फाईलमध्ये ठरवलेली नोंदींची मर्यादा आणि मुदत पाहा. फाईलमधले नाव आणि हायबरनेट मागते ते नाव एकच आहे का, तेही पाहा. हायबरनेट.कॅश.रीजन_प्रीफिक्स दिला असेल तर तो रीजनच्या नावाआधी लागतो. नाव जुळले नाही तर मूळ धोरणाप्रमाणे रीजन जागच्या जागी तयार होते आणि लॉगमध्ये एचएचएच ९०००१००६ क्रमांकाची सूचना येते. याचा अर्थ तुम्ही लिहिलेली मर्यादा आणि मुदत कुठेच लागू नाही. हायबरनेट.जावाएक्स.कॅश.मिसिंग_कॅश_स्ट्रॅटेजी ला फेल ही किंमत द्या. मग चूक ॲप्लिकेशन सुरू होतानाच पकडली जाते. ही किंमत प्रत्येक प्रकल्पात पहिल्या दिवसापासून असावी असे आमचे ठाम मत आहे.

टाइमस्टॅम्पने निकाल बाद होत असेल तर त्या टेबलात कोण लिहिते ते शोधा. लॉगमध्ये "प्री-इन्व्हॅलिडेटिंग स्पेस" आणि "इन्व्हॅलिडेटिंग स्पेस" या ओळींत टेबलाचे नाव येते. त्या ओळी नावाप्रमाणे मोजल्या की उत्तर बहुधा लगेच सापडते. पुढच्या चार जागा आधी पाहा.

वापरकर्त्यांच्या टेबलात "शेवटचे लॉगइन" हा रकाना असतो. प्रत्येक लॉगइनला ते टेबल बदलते आणि त्याला जोडलेली प्रत्येक कॅश केलेली क्वेरी बाद होते, मग त्या क्वेरीला लॉगइनच्या वेळेशी काही देणेघेणे नसले तरी. असे सतत हलणारे रकाने वेगळ्या टेबलात काढा. हिट वाढवण्याचा याहून परिणामकारक उपाय क्वचितच सापडतो.

वारसा पद्धतीत जॉइन्ड रचना (प्रत्येक उपप्रकाराला वेगळे टेबल) असेल तर मूळ एंटिटीवरच्या क्वेरीत सगळ्या उपप्रकारांची टेबले मोजली जातात. एका उपप्रकारात लिहिले की सगळ्यांचे निकाल जातात.

ठराविक वेळेला सगळीच कॅश एकदम रिकामी होत असेल तर हायबरनेटमधून चालणारा नेटिव्ह (थेट एसक्यूएलमध्ये लिहिलेला) एसक्यूएल अपडेट शोधा. असा अपडेट कोणत्या टेबलाला हात लावतो हे हायबरनेटला कळत नाही, म्हणून ते सुरक्षित बाजू धरून सगळी टेबले बदलली असे मानते. क्वेरीवर ॲडसिंक्रोनाइज्डएंटिटीक्लास लावून नेमकी एंटिटी सांगा, म्हणजे तेवढ्याच टेबलाचे निकाल बाद होतील.

आणि लांबलेली ट्रान्झॅक्शन. निकालावरचा टाइमस्टॅम्प ट्रान्झॅक्शनच्या सुरुवातीचा असतो, हे वर आलेच. १०:०० ला सुरू झालेल्या ट्रान्झॅक्शनने १०:०५ ला क्वेरी चालवली, आणि त्या टेबलात १०:०२ ला कोणी बदल कमिट केला होता, तर ठेवलेला निकाल जन्मतःच शिळा असतो. वाचनाची ट्रान्झॅक्शन छोटी ठेवली की हा प्रश्न उरत नाही.

## हिट येतात, पण एसक्यूएल वाढले

हायबरनेट ५ मधली ही सर्वांत महागडी चूक. क्वेरीचा निकाल कॅशमध्ये सापडला, त्यात समजा २०० आयडी निघाले, पण ती एंटिटी सेकंड लेव्हल कॅशमध्ये नाही. मग हायबरनेट एकेका आयडीसाठी वेगळा सिलेक्ट पाठवते. कॅश नसताना एका क्वेरीत होणारे काम आता २०० क्वेरींत होते.

उपाय सरळ आहे. निकालात येणाऱ्या एंटिटीवर कॅशेबल आणि कॅश ही दोन्ही ॲनोटेशन लावा आणि डेटाच्या स्वरूपाप्रमाणे रीड-ओन्ली, नॉनस्ट्रिक्ट-रीड-राइट किंवा रीड-राइट यांतले धोरण निवडा. निकालासोबत ओढल्या जाणाऱ्या मेनी-टू-वन नात्यांचाही विचार करा, नाहीतर तोच प्रकार एक पायरी खाली सुरू होतो.

ॲनोटेशन लावूनही सिलेक्ट येत असतील तर दोन्ही रीजनच्या मुदती शेजारी ठेवून पाहा. निकालाची मुदत ६० मिनिटे आणि एंटिटीची १० मिनिटे असेल तर दहाव्या मिनिटानंतर आयडी आहेत पण ओळी नाहीत, अशी अवस्था येते. एंटिटीची मुदत निकालाइतकी किंवा जास्त हवी. नोंदींची मर्यादाही तशीच: निकालांत मिळून ५,००० वेगळ्या ओळी येत असतील आणि एंटिटीचे रीजन १,००० चे असेल तर नोंदी सतत बाहेर ढकलल्या जातील. गेटडोमेनडेटारीजनस्टॅटिस्टिक्स या मेथडने त्या रीजनचे हिट-मिस वेगळे काढता येतात.

फक्त यादी दाखवायची असेल तर पूर्ण एंटिटी न आणता लागतील तेवढेच रकाने निवडा. रकान्यांच्या किमती निकालातच साठतात, तिसऱ्या रीजनचा संबंध येत नाही.

हायबरनेट ६ मध्ये चित्र पालटले. निकालात आयडीऐवजी एंटिटीचा पूर्ण डेटा, जॉइन फेचने आणलेल्या नात्यांसह, साठू लागला. एकेका आयडीचे सिलेक्ट थांबले, पण मेमरीचा वापर वाढला. आवृत्ती चढवल्यावर हीप (जावाची मेमरी) फुगला तर संशयाची पहिली जागा हीच. ६.५ पासून क्वेरीकॅशलेआउट ॲनोटेशन आणि हायबरनेट.कॅश.क्वेरी_कॅश_लेआउट हे सेटिंग मिळाले. शॅलो म्हणजे फक्त आयडी, फुल म्हणजे पूर्ण डेटा, आणि ऑटो म्हणजे एंटिटी सेकंड लेव्हल कॅशमध्ये आहे की नाही हे पाहून निवड. एंटिटीचे रीजन नीट बसवलेले असेल तर शॅलो किंवा ऑटो स्पष्टपणे लिहून टाका.

## हिट येतात, पण डेटा जुना

हा प्रकार सर्वांत गंभीर, कारण इथे वेग बिघडत नाही, उत्तर चुकते.

टाइमस्टॅम्पच्या रीजनला मुदत किंवा नोंदींची मर्यादा लावली आहे का, हे आधी पाहा. तिथे टेबलाची नोंदच सापडली नाही तर हायबरनेट "या टेबलात बदल झालेला नाही" असे धरते आणि साठवलेला निकाल बिनदिक्कत परत करते. म्हणजे या रीजनमधून नोंद गळणे आणि शिळा निकाल बाहेर पडणे ही एकच गोष्ट आहे. या रीजनला मुदत नको, नोंदी बाहेर काढण्याचे धोरण नको. सगळ्या कॅशना आपोआप लागू होणारा साचा एहकॅशच्या फाईलमध्ये असेल तर त्यातून हे रीजन नावाने वेगळे काढा.

ॲप्लिकेशन एकापेक्षा जास्त सर्व्हरवर चालत असेल तर टाइमस्टॅम्प सर्वांना पोहोचतात का? प्रत्येक सर्व्हरवर स्वतंत्र एहकॅश असेल तर एका सर्व्हरने केलेला बदल दुसऱ्याला कधीच कळत नाही. निकाल प्रत्येकाने आपापल्याकडे ठेवले तरी चालतात, टाइमस्टॅम्प मात्र सर्वत्र पोहोचायलाच हवेत. इन्फिनिस्पॅन या कॅश पुरवठादाराची मूळ मांडणी अशीच असते. घड्याळेही जुळलेली हवीत. समजा एका सर्व्हरचे घड्याळ ५ सेकंद मागे आहे आणि त्याने टेबल बदलले. दुसऱ्या सर्व्हरवर ३ सेकंदांपूर्वी ठेवलेला निकाल त्या नोंदीपेक्षा नवा दिसेल आणि पुढचा बदल होईपर्यंत किंवा मुदत संपेपर्यंत चुकीचे उत्तर देत राहील. सर्व सर्व्हरवर एनटीपी (घड्याळे जुळवणारी सेवा) चालू आहे आणि घड्याळे खरोखर जुळतात, हे तपासून घ्या.

मग हायबरनेटच्या नजरेआड होणारे लेखन पाहा: जेडीबीसीने (जावाच्या मूळ डेटाबेस जोडणीने) थेट केलेला अपडेट, डेटाबेसमधले ट्रिगर आणि स्टोअर्ड प्रोसिजर, रात्री चालणारी स्क्रिप्ट, त्याच डेटाबेसवरचे दुसरे ॲप्लिकेशन. यांची नोंद टाइमस्टॅम्पमध्ये होत नाही. लेखन तुमच्याच कोडमध्ये असेल तर सेशनफॅक्टरीच्या गेटकॅशवर इव्हिक्टक्वेरीरीजन चालवा, पण कमिट झाल्यावर. कमिटच्या आधी रिकामे केले तर मधल्या क्षणात दुसरे ट्रान्झॅक्शन जुना डेटा वाचून पुन्हा ठेवू शकते. इथे जेपीएची इव्हिक्टऑल मेथड पुरत नाही. ती एंटिटीची रीजन रिकामी करते, क्वेरीच्या निकालांना हात लावत नाही. सगळेच पुसायचे असेल तर इव्हिक्टऑलरीजन्स वापरा. लेखन तुमच्या ताब्याबाहेरचे असेल तर त्या क्वेरीला सेटकॅशरीजनने स्वतंत्र रीजन द्या आणि जितका जुना डेटा चालेल तितकीच मुदत ठेवा.

शेवटची जागा सहसा सुटते. फॉर्म्युला ॲनोटेशनमध्ये दुसऱ्या टेबलावरची उपक्वेरी असेल, किंवा एंटिटी डेटाबेसच्या व्ह्यूवर बेतलेली असेल, तर आतली टेबले हायबरनेटला दिसत नाहीत आणि ती बदलली तरी निकाल ताजाच समजला जातो. व्ह्यू आणि सबसिलेक्टवरच्या एंटिटीला सिंक्रोनाइझ ॲनोटेशन लावून टेबलांची नावे द्या. नेटिव्ह सिलेक्ट कॅश करताना ॲडसिंक्रोनाइज्डक्वेरीस्पेसने तेच करा.

## ठेवायची की काढायची

सगळे दुरुस्त झाल्यावर खऱ्या वापरात काही दिवस रीजननिहाय आकडे गोळा करा. गेटक्वेरीरीजनस्टॅटिस्टिक्सला रीजनचे नाव दिले की हिट आणि मिस मिळतात, म्हणून महत्त्वाच्या क्वेरींना आपापले रीजन देणे फायद्याचे. निम्म्याहून जास्त वेळा मिस येत असेल तर त्या क्वेरीवरून कॅशेबल काढून टाका. प्रत्येक शोधात टाइमस्टॅम्प वाचावे लागतात, प्रत्येक लेखनात ते लिहावे लागतात, आणि अनेक सर्व्हर असतील तर नेटवर्कवरून पाठवावेही लागतात. क्वचित बदलणारी, थोड्या पॅरामीटरची, पुन्हा पुन्हा विचारली जाणारी क्वेरी, म्हणजे श्रेणींची यादी, देशांची यादी, परवानग्यांचे तक्ते, एवढ्यांसाठीच ही सोय खरी उपयोगी आहे. मुक्त शोध आणि व्यवहारांची टेबले तिच्यापासून दूर ठेवा.

एकच ओळ अनन्य रकान्यावरून शोधायची असेल, जसे ईमेलवरून वापरकर्ता किंवा कोडवरून वस्तू, तर क्वेरी कॅशऐवजी नॅचरलआयडी आणि नॅचरलआयडीकॅश ही ॲनोटेशन वापरा आणि बायसिंपलनॅचरलआयडीने लोड करा. त्या रकान्यावरून आयडी थेट मिळतो, आणि टेबलातली दुसरी कुठली ओळ बदलली म्हणून ही जोडी बाद होत नाही.